पालक दुसऱ्या राज्यात गेले तर मुलांची इन-स्टेट फी टिकते का? अमेरिकेतील मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी बदलते, कंपनी दुसऱ्या शहरात पाठवते किंवा भारतात परतायचे ठरते, आणि त्याच सुमारास घरातले मोठे मूल कॉलेजात असते किंवा बारावीत. अशा कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक राज्याचा नियम निराळा असल्यामुळे शक्य तेथे राज्याचे नाव घेऊनच लिहिले आहे. एका राज्याचा नियम वाचून दुसऱ्या राज्यातला निर्णय कृपया घेऊ नये.

१. इन-स्टेट आणि आउट-ऑफ-स्टेट फी यांत एवढा फरक का असतो?

राज्याची सरकारी विद्यापीठे काही अंशी त्या राज्यातील करदात्यांच्या पैशावर चालतात, म्हणून रहिवाशांच्या मुलांकडून ती कमी फी घेतात आणि बाहेरून आलेल्यांकडून जास्त. फरक किरकोळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात (म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो इत्यादी ठिकाणी) २०२५-२६ मध्ये नव्याने दाखल झालेल्या बाहेरच्या पदवी विद्यार्थ्याला नेहमीच्या फीखेरीज वर्षाला ३७,६०२ डॉलर जादा भरावे लागतात. चार वर्षांचा हिशेब दीड लाख डॉलरच्या घरात जातो. खासगी विद्यापीठांत हा भेद नसतो. मूल स्टॅनफर्डला किंवा कार्नेगी मेलनला असेल, तर पालकांच्या स्थलांतराने त्याच्या ट्यूशनवर काहीही परिणाम होत नाही.

२. मुलगा तर इथेच होस्टेलवर राहतो. मग आमचा पत्ता कशासाठी पाहतात?

कारण फीच्या नियमांत नुसते राहणे मोजले जात नाही, अधिवास मोजला जातो, आणि पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाचा अधिवास बहुतेक राज्ये पालकांच्या अधिवासावरून ठरवतात. राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य आणि तेच आपले कायमचे घर मानण्याचा इरादा, असे अधिवासाचे दोन भाग आहेत. केवळ शिक्षणासाठी घालवलेला काळ सहसा त्यात धरत नाहीत. बहुतेक राज्यांत हा अधिवास सत्र सुरू होण्यापूर्वी किमान बारा महिने असावा लागतो.

महाराष्ट्रात पंधरा वर्षांच्या वास्तव्यावर मिळालेला डोमिसाईलचा दाखला एकदा फाइलला लावला की वर्षानुवर्षे चालतो, आणि त्या सवयीने अनेक पालक समजतात की प्रवेशाच्या वेळी मुलगा 'इन-स्टेट' ठरला म्हणजे विषय संपला. अमेरिकेत तसे गृहीत धरता येत नाही. परिस्थिती बदलल्याचे विद्यापीठाला कळवण्याची जबाबदारी बहुधा विद्यार्थ्यावरच असते आणि त्यावरून वर्गीकरण पुन्हा तपासले जाऊ शकते.

उलट दिशेने एक संरक्षणही आहे. एकदा बाहेरचा ठरलेला विद्यार्थी शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच, असा कनेक्टिकटचा नियम होता. तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये व्लँडिस विरुद्ध क्लाइन या खटल्यात रद्द केला. आपण खरोखर रहिवासी झालो आहोत हे दाखवण्याची संधी विद्यार्थ्याला मिळालीच पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र त्यासाठी वाजवी निकष आणि मुदत ठेवण्याची राज्यांची मुभाही मान्य केली.

३. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही आता राज्य सोडले तर पुढच्या सत्रापासूनच फी वाढेल का?

बऱ्याच राज्यांत नाही, पण संरक्षण किती काळ टिकते यात फार अंतर आहे.

जॉर्जियाचा कायदा या बाबतीत सर्वांत स्पष्ट आहे. पालकांचा जॉर्जियात अधिवास होता, मुलगी इन-स्टेट ठरली होती आणि त्यानंतर पालकांनी अधिवास दुसरीकडे नेला, तर ती राज्यातील सरकारी संस्थेत खंड न पडता शिकत असेपर्यंत तिची सवलत कायम राहू शकते. फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिना यांनी मुदतीचा मार्ग घेतला आहे: अधिवास बदलल्याच्या तारखेपासून बारा महिने जुनीच फी लागू राहते, आणि बारा महिने सत्राच्या मध्येच संपत असतील तर ते सत्र पुरे होईपर्यंत.

या दोन प्रकारांतला फरक पैशांत मोजून पाहावा. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पालक निघाले, तर जॉर्जियातील अटलांटात शिकणाऱ्या मुलीची उरलेली दोन वर्षे सुरक्षित राहतात. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लटमधल्या मुलीला मात्र तिसऱ्या वर्षापुरतेच छत्र मिळते आणि चौथ्या वर्षाचा प्रश्न उघडा राहतो. नॉर्थ कॅरोलिनात स्थलांतर काही महिने पुढे ढकलता येत असेल, तर बारा महिन्यांची मोजणीही तेवढीच पुढे सरकते. म्हणून आमचा आग्रह असा की ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कार्यालयातील रेसिडेन्सी विभागाला पालकांची निघण्याची तारीख लिहून ईमेल करावा आणि उत्तरही लेखीच मागावे. फोनवरचे 'काळजी करू नका' हे अपिलाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

४. मुलगा अजून हायस्कूलमध्ये आहे आणि बदली आत्ताच आली आहे. त्याला इथेच ठेवून गेलो तर?

ही स्थिती प्रश्न ३ पेक्षा नाजूक आहे, कारण वर सांगितलेले संरक्षण आधीच इन-स्टेट ठरलेल्या कॉलेज विद्यार्थ्यासाठी आहे. तरीही काही राज्यांनी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांतील मुलांचा वेगळा विचार केला आहे.

मिशिगन विद्यापीठाच्या नियमांत यासाठी तीन अटी आहेत. पालक निघण्यापूर्वी मुलाने किमान अकरावी पूर्ण केलेली असावी, त्यानंतर त्याने मिशिगनमध्येच राहून पूर्णवेळ शिक्षण चालू ठेवावे, आणि दुसरीकडे अधिवास होईल असे काही करू नये. अर्थात, पालकांचा तेथे नियमांनुसार कायम अधिवास होता हे यात गृहीत आहे. जूनमध्ये अकरावी संपवून निघालेले कुटुंब आणि मार्चमध्येच निघालेले कुटुंब यांच्यात येथे मोठी दरी पडते.

वॉशिंग्टन राज्याचा नियम अधिक उदार आहे. मुलाने अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांचा किमान ७५ टक्के काळ राज्यातील हायस्कूलमध्ये घालवला असेल, हायस्कूल पूर्ण होण्याआधीच्या पाच वर्षांत पालकांचा किमान एक वर्ष तेथे अधिवास असेल, आणि हायस्कूल सोडल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने सरकारी संस्थेत प्रवेश घेतला असेल, तर तो रहिवासी धरला जातो. पुढे दर कॅलेंडर वर्षात तीन क्वार्टर किंवा दोन सेमिस्टर शिकत राहणे आवश्यक असते.

टेक्ससमध्ये एक मार्ग पालकांवर अजिबात अवलंबून नाही. विद्यार्थ्याने राज्यातील हायस्कूलमधून पदवी घेतली असेल, त्यापूर्वीचे सलग ३६ महिने तो टेक्ससमध्ये राहिला असेल, आणि कॉलेजच्या सत्रातील पटनोंदणीच्या ठरलेल्या तारखेपूर्वीचे वर्षभरही तेथेच राहिला असेल, तर तो रहिवासी ठरतो. ४ जून २०२५ च्या फेडरल न्यायालयाच्या आदेशानंतर हा मार्ग देशात कायदेशीर वास्तव्य नसलेल्यांना उपलब्ध नाही. मुलगा नववीत किंवा दहावीत असतानाच पालक निघून गेले आणि तो ऑस्टिनला काकूंकडे राहून शाळा पूर्ण करतो, अशा कुटुंबाने हा मार्ग सर्वांत आधी तपासावा.

कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत मधला पूल आहे. पालक किमान वर्षभर तेथे अधिवासी होते, मूल अल्पवयीन असताना आणि फी ठरवण्याच्या तारखेपूर्वीच्या वर्षभरात ते दुसरीकडे गेले, पण मूल मागेच राहिले, तर सज्ञान होऊन स्वतःच्या नावावर आवश्यक मुदत पुरी होईपर्यंत त्याला रहिवासी धरतात. प्रवेशानंतर शिक्षणात खंड पडता कामा नये.

मूल खरोखर कोणाकडे ठेवायचे आणि त्याच्या पालकत्वाचे काय, यासाठी प्रश्न ८ पाहावा.

५. 'खंड न पडता' म्हणजे काय? उन्हाळ्यात मुलगी आमच्याकडे आली तर खंड धरतात का?

उन्हाळ्याची सुट्टी सहसा खंड मानली जात नाही. फॉल आणि स्प्रिंग ही नियमित सत्रे चुकू नयेत एवढाच सर्वसाधारण अर्थ आहे. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. सुट्टीत पालकांच्या नव्या राज्यात आलेल्या मुलीने तेथील ड्रायव्हिंग लायसन्स काढले, गाडीची नोंदणी बदलली, तेथील रहिवासी म्हणून राज्याचा आयकर भरला, तर जुन्या राज्याच्या दृष्टीने तिने अधिवास हलवला असे दिसते. सुट्टीत यावे, आईच्या हातचे जेवावे, पण लायसन्स जुनेच राहू द्यावे.

एक वर्ष थांबून मग कॉलेजला जाण्याचा विचार असेल, तर तो पालकांच्या स्थलांतराच्या वर्षी करू नये. वॉशिंग्टनच्या सहा महिन्यांच्या अटीत (प्रश्न ४) असे वर्ष थेट आड येते, आणि ते राज्याबाहेर घालवले तर टेक्ससच्या वर्षभराच्या अटीतही. आजारपणामुळे किंवा इंटर्नशिपसाठी सत्र सोडावे लागले, तर ते विद्यापीठाच्या अधिकृत रजेच्या नोंदीत आणून घ्यावे आणि त्या रजेचा सवलतीवर परिणाम होतो का, हे आधी विचारावे.

६. नवरा सिएटलला रुजू झाला आहे, मी आणि मुले न्यू जर्सीतच आहोत. आम्ही 'राज्य सोडले' असे होते का?

एक पालक खऱ्या अर्थाने मागे राहिला असेल, तर सहसा नाही. घर, आईची नोकरी, धाकट्याची शाळा, बँक आणि डॉक्टर हे सगळे जुन्या राज्यात असेल, तर मुलाचा अधिवास त्या पालकामार्फत दाखवता येतो. अडचण आयकराच्या विवरणपत्रात येते. पतीने नव्या राज्याचा रहिवासी म्हणून आणि पत्नीने जुन्या राज्याची रहिवासी म्हणून माहिती भरली असेल, तर ती सर्व अर्जांत तशीच आणि सुसंगत असावी. एका कागदावर दोघेही नव्या राज्याचे आणि फीच्या अर्जावर दोघेही जुन्या राज्याचे, असे झाल्यास अर्ज अडकतो, आणि अडकायलाच हवा.

७. आमचा घटस्फोट झाला आहे आणि वडील दुसऱ्या राज्यात गेले आहेत.

फ्लोरिडासारख्या राज्यात दोहोंपैकी कोणीही एक पालक रहिवासी असला तरी पुरते, मग आयकरात मुलाचे नाव कोणीही दाखवत असो. इतरत्र मूल कोणाकडे राहते किंवा त्याचा खर्च कोण करते, हे पाहिले जाऊ शकते. न्यायालयाच्या आदेशाची प्रत अर्जासोबत जोडावी.

८. बहिणीला कायदेशीर पालक नेमले तर प्रश्न सुटेल का?

केवळ फीसाठी केलेले पालकत्व राज्ये मान्य करत नाहीत, आणि नियमांत ते बहुधा शब्दशः लिहिलेले असते. मावशीकडे राहणारे मूल, ज्याचे आईवडील हयात आहेत, खर्च पाठवतात आणि रोज व्हिडिओ कॉलवर अभ्यास घेतात, ते आईवडिलांवरच अवलंबून आहे असे कोणताही अधिकारी म्हणेल. शाळेतील सह्या, डॉक्टर, विमा यांसाठी मावशीला अधिकारपत्र देणे मात्र आवश्यक आणि योग्य आहे. मुलाला मागे ठेवण्याचा निर्णय त्याची शाळा, मित्र आणि मन पाहून घ्यावा. फीचा फायदा मिळणार असेल, तर तो प्रश्न ४ मधील नियमांतून मिळेल, पालकत्वाच्या कागदातून नव्हे.

९. मुलगा अठरा वर्षांचा झाला. त्याला आयकरात 'डिपेंडंट' दाखवले नाही तर तो स्वतंत्र ठरेल का?

एवढ्याने नाही. या प्रश्नात तीन वेगळ्या व्याख्यांची गल्लत होते. आयकराच्या नियमात पूर्णवेळ शिकणारे मूल २४ वर्षांचे होईपर्यंत पालकांवर अवलंबून धरता येते आणि शिक्षणासाठी दूर राहणे ही तात्पुरती अनुपस्थिती मानली जाते. फॅफ्सा अर्जातील व्याख्या फेडरल मदतीसाठी आहे. तेथे २४ वर्षे पूर्ण, विवाह, लष्करी सेवा अशा ठरावीक कारणांनीच विद्यार्थी स्वतंत्र होतो. तिसरी व्याख्या राज्याच्या फीची, आणि निर्णय होतो तो तिच्यावर. ती बहुधा विचारते की विद्यार्थी स्वतःच्या कमाईवर, पालकांच्या पैशाशिवाय, पुरेसा काळ जगला आहे का.

कॅलिफोर्निया विद्यापीठ २४ वर्षांखालील अविवाहित विद्यार्थ्याकडून, त्याचे पालक राज्यात राहत नसतील तर, आर्थिक स्वावलंबनाचा पुरावा मागते. पूर्णवेळ अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने ट्यूशन, खोलीभाडे आणि जेवण स्वतःच्या पगारातून भागवणे फार थोड्यांना जमते. पालकांनी पैसे द्यायचे आणि कागदावर मात्र मुलगा स्वतंत्र दाखवायचा, हा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत असतो; तो खोट्या निवेदनाचा सल्ला आहे. पकडल्यास मागील सत्रांचा फरक वसूल होतो आणि शिस्तभंगाची कारवाईही होऊ शकते.

१०. कोणते पुरावे सांभाळावेत?

पालक राज्यात असतानाची भाडेकराराची किंवा घराची कागदपत्रे, राज्याच्या आयकराची विवरणपत्रे, पगाराच्या पावत्या, हायस्कूलची गुणपत्रिका, आणि निघण्याची नेमकी तारीख दाखवणारे काहीही: घरविक्रीचा दस्त, सामान हलवणाऱ्यांचे बिल, नव्या नोकरीचे पत्र. टेक्सस, फ्लोरिडा आणि वॉशिंग्टन येथे पगारावर राज्याचा आयकर नाही, त्यामुळे तेथे इतर कागदांचे महत्त्व वाढते. अनेक याद्यांत मतदार नोंदणीचा उल्लेख असतो. जे अमेरिकन नागरिक नाहीत, त्यांनी ती चुकूनही करू नये, ग्रीन कार्ड असले तरीही. त्याचे इमिग्रेशनवरील परिणाम फीच्या फरकापेक्षा कितीतरी गंभीर असतात.

११. नव्या राज्यात आम्ही आलो, म्हणजे मुलाला तिथली इन-स्टेट फी लगेच मिळेल का?

सहसा बारा महिन्यांनंतर. म्हणजे जुने राज्य हातचे गेले आणि नव्याची मुदत पुरी झालेली नाही, असे मधले वर्ष येऊ शकते. प्रश्न ३ मधील बारा महिन्यांची मुदत नेमके हेच वर्ष भरून काढते. धाकट्या भावंडासाठी मोजणी नव्या राज्यात आल्या दिवसापासून सुरू होते, म्हणून तेथील लायसन्स आणि भाडेकरार पालकांनी लांबणीवर टाकू नयेत. लष्करात कार्यरत असलेल्यांच्या मुलांना २००८ च्या फेडरल कायद्याने नेमणुकीच्या राज्यात इन-स्टेट फी मिळते, आणि मूल शिकत असताना बदली झाली तरी ती टिकते.

१२. आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहोत, मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. वरचे सगळे तिला लागू होते का?

येथे दोन स्वतंत्र तपासण्या असतात. पहिली, त्या व्हिसावर अधिवास करता येतो का, ही. एच-१बी आणि एच-४ धारकांना अमेरिकेत कायम राहण्याचा इरादा ठेवण्याची मुभा असल्याने अनेक राज्ये, उदाहरणार्थ टेक्सस आणि कॅलिफोर्निया, त्यांचा अधिवास मान्य करतात. जागतिक बँकेसारख्या संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या, जी-४ व्हिसावरील मुलांना मेरीलँडने सरसकट वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये टोल विरुद्ध मोरेनो खटल्यात ते अवैध ठरवले. दुसरी तपासणी म्हणजे प्रश्न ३ आणि ४ मधील राज्याचे नियम.

पालक अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यात गेले, तर मुलीचा एच-४ त्यामुळे संपत नाही. एकाच पत्त्यावर राहण्याची अट नाही. पण २१ व्या वर्षी एच-४ संपतो, आणि ग्रीन कार्ड हाती नसेल तर बहुतेक मुले एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जातात. एफ-१ साठी परदेशातील घर सोडण्याचा इरादा नाही असे दाखवावे लागते, आणि त्यामुळे अनेक ठिकाणी अधिवासाचा दावा कोसळतो. याच देशात बालवाडीपासून शिकलेल्या मुलीला तिसऱ्या वर्षात अचानक परकी ठरवणारा हा नियम आम्हाला अन्यायकारक वाटतो. तो आहे तोवर एकविसावा वाढदिवस कोणत्या सत्रात येतो, हे पालकांनी प्रवेश घेतानाच पाहून ठेवावे.

१३. आम्ही पुण्याला परतलो. मुलगा जन्माने अमेरिकन नागरिक आहे आणि न्यू जर्सीत आमचे घरही आहे. त्याला रटगर्स या तेथील सरकारी विद्यापीठात इन-स्टेट फी मिळेल ना?

नाही, तसे धरून चालू नये. नागरिकत्व देशाचे असते, फीची सवलत राज्याच्या रहिवाशाला असते. भाड्याने दिलेले घर आणि त्यावर भरलेला मालमत्ता कर हे मालकीचे पुरावे आहेत. कुटुंब कोथरूडला राहत असताना ते न्यू जर्सीतील अधिवास सिद्ध करत नाहीत. नागरिक असल्याने मुलगा फेडरल मदतीसाठी फॅफ्सा अर्ज करू शकतो, तो अवश्य करावा.

मूल कॉलेजात असतानाच पालक भारतात परतले, तर जॉर्जियासारख्या राज्यात प्रश्न ३ मधील नियम उपयोगी पडू शकतो, कारण तेथे 'राज्याबाहेर' एवढाच निकष आहे. एच-४ वरील मुलांना मात्र हे लागू पडत नाही. पालकांचा एच-१बी संपताच त्यांचा एच-४ ही संपतो. ओहायोत आणखी एक दार आहे: जे तेथील हायस्कूलमधून उत्तीर्ण झाले आणि नंतर राज्य सोडून गेले, ते पुन्हा तेथे राहायला येऊन प्रवेश घेतील, तर वर्षभर थांबण्याची गरज नसते.

१४. विद्यापीठाने मुलीला आउट-ऑफ-स्टेट ठरवले आहे. आता काय करावे?

प्रथम अपिलाची अंतिम तारीख पाहावी, कारण ती कित्येकदा काही आठवड्यांचीच असते. नॉर्थ कॅरोलिनात निर्णय एकाच राज्यस्तरीय सेवेकडून होतो, इतरत्र बहुधा विद्यापीठाकडून. म्हणून अपील कोठे करायचे हेही तपासावे. अपिलात परिस्थितीचे वर्णन थोडक्यात आणि तारखा ठळकपणे द्याव्यात: पालक राज्यात कधी आले, कधी निघाले, मुलीचे कोणते सत्र तेव्हा चालू होते, आणि नियमाच्या कोणत्या कलमाखाली ती पात्र आहे. फी परवडत नाही हा मुद्दा खरा असला तरी रेसिडेन्सी विभागाला त्यावर निर्णय घेता येत नाही. तो आर्थिक मदत विभागाकडे स्वतंत्रपणे मांडावा.

अपील फेटाळले गेले, तर पश्चिमेकडील राज्यांच्या अदलाबदल योजनेत सहभागी विद्यापीठे इन-स्टेट फीच्या जास्तीत जास्त दीडपट फी घेतात. मध्यपश्चिमेतही तशीच योजना आहे. त्या योजनांत पालकांचे नवे राज्य सामील आहे का, आणि मुलीचा विषय तेथे उपलब्ध आहे का, हे पाहावे. पालकांच्या नव्या राज्यात कम्युनिटी कॉलेजमध्ये एक वर्ष शिकून, तोपर्यंत बारा महिने पूर्ण करून, तेथील सरकारी विद्यापीठात बदली घेणे हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे. मात्र जुन्या विद्यापीठातून नाव काढण्यापूर्वी कोणते क्रेडिट नव्या ठिकाणी चालतील, याची लेखी यादी घ्यावी.